रसद वाहणारे पंख : हवाई दलाचे बारावे पथक

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे दिल्लीच्या पालम विमानतळावरून तीन डकोटा विमाने श्रीनगरच्या दिशेने निघाली. विमानांत पहिल्या शीख पलटणीचे जवान होते आणि त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्यांच्यासोबत होते. श्रीनगरच्या धावपट्टीची त्या क्षणी काय स्थिती आहे, हे दिल्लीत कोणालाही निश्चितपणे ठाऊक नव्हते. म्हणून रायांना सूचना देण्यात आली होती, की प्रथम विमानतळावर घिरट्या घालाव्यात आणि पट्टी आक्रमकांच्या हाती गेल्याचे दिसल्यास खाली न उतरता जम्मूकडे वळावे. पट्टी मोकळी होती. विमाने उतरली, जवान बाहेर पडले आणि रिकामी विमाने पुढच्या खेपेसाठी दिल्लीकडे परतली.

या प्रसंगाचे वर्णन शालेय पुस्तकांतून अनेकदा येते. त्यात पलटणीचे नाव असते, सेनाधिकाऱ्यांचे असते आणि ते योग्यच आहे. परंतु ती विमाने ज्या पथकाची होती, त्याचे नाव बहुधा आढळत नाही. ते पथक म्हणजे हवाई दलाचे बारावे स्क्वाड्रन होय. शत्रूची विमाने पाडणे अथवा त्याच्या ठाण्यांवर मारा करणे हे त्याचे काम नव्हते. माणसे, धान्य, दारूगोळा आणि औषधे नेणे व परतताना जखमींना आणणे, एवढेच त्याचे नेमून दिलेले कर्तव्य. सैनिकी परिभाषेत अशा पथकास साहाय्यकारी म्हणतात. ‘साहाय्यकारी’ या शब्दाने गौणत्वाची जी छटा सूचित होते, ती १९४७-४८ च्या घटनांशी ताडून पाहिली असता कितपत टिकते, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

पथकाची घडण

बाराव्या पथकाची स्थापना डिसेंबर १९४५ मध्ये वायव्य सरहद्दीवरील कोहाट येथे झाली. प्रारंभी त्याच्याकडे स्पिटफायर ही लढाऊ विमाने होती. १९४६ मध्ये ती जाऊन डकोटा आली आणि ते भारतीय हवाई दलाचे वाहतूक पथक बनले. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला ओझ्याचे विमान हाती घेणे सहसा रुचत नाही, हे त्या क्षेत्रातील लोक जाणतात. तथापि या बदलामागे ताज्या युद्धाचा अनुभव होता. १९४४ च्या मार्च महिन्यात जपानी सैन्य इंफाळवर चालून आले, तेव्हा पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानातून विमानांनी उचलून इंफाळला आणण्यात आली. पुढे ब्रह्मदेशाच्या अरण्यात लढणाऱ्या चौदाव्या सेनेचा बराचसा पुरवठा आकाशातूनच झाला. हे काम मुख्यत्वे ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी केले. भारतीय हवाई दलाकडे स्वतःचे असे वाहतूक सामर्थ्य त्या वेळी नव्हते.

फाळणीच्या वेळी सैन्याप्रमाणेच हवाई दलाचीही वाटणी झाली. वाहतूक पथकांपैकी सहावे पाकिस्तानच्या वाट्याला गेले व बारावे भारताकडे आले. म्हणजे एवढ्या विस्तीर्ण देशाच्या पदरी वाहतुकीचे एकच पथक उरले. त्यासही उसंत मिळाली नाही. ऑगस्टनंतरच्या त्या भीषण दिवसांत पंजाबातील निर्वासितांना हलविण्याच्या कामी या विमानांचा उपयोग करण्यात येत होता. श्रीनगरची आज्ञा आली, ती अशा दमलेल्या अवस्थेत.

डकोटा या विमानाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मूळ प्रवासी विमानाचे पहिले उड्डाण डिसेंबर १९३५ मध्ये झाले आणि महायुद्धात त्याच्या सैनिकी आवृत्त्या हजारोंच्या संख्येने तयार करण्यात आल्या. दोन इंजिने, शेपटीखाली एक लहान चाक, त्यामुळे जमिनीवर उभे असताना विमानाचा पुढचा भाग वर उचललेला व आतील तळ उतरता असे. माल भरणाऱ्यास प्रत्येक पोते चढावरून ढकलीत न्यावे लागे. डाव्या बाजूस मागे रुंद दरवाजा होता व तो काढून ठेवूनही उड्डाण करता येत असे. साधारणतः अडीच-तीन टन माल अथवा अठ्ठावीस सैनिक ही त्याची क्षमता. आतील हवेचा दाब राखण्याची सोय मात्र त्यात नव्हती. हे विमान मुळात मैदानी प्रदेशातील प्रवासासाठी बनले होते. त्यास हिमालयात नेण्यात आले, ते दुसरे काही उपलब्ध नव्हते म्हणून.

श्रीनगर

२२ ऑक्टोबर रोजी टोळीवाल्यांनी मुझफ्फराबादच्या बाजूने काश्मीरमध्ये प्रवेश केला होता. महुरा येथील वीजघर त्यांच्या हाती पडल्याने श्रीनगर अंधारात बुडाले. २६ ऑक्टोबर रोजी सामीलनामा झाला आणि दुसऱ्याच पहाटे सैन्य पाठवावयाचे ठरले. जम्मूहून श्रीनगरला जाणारा रस्ता बनिहाल खिंडीतून जात असे व हिवाळ्यात तो बर्फाखाली गाडला जाई. खुद्द जम्मूला पठाणकोटशी जोडणारा मार्गही लष्करी वाहतुकीच्या लायकीचा नव्हता. तेव्हा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे हवाई अंतर, एवढाच एक मार्ग होता.

एका पथकाच्या विमानांनी हे होण्यासारखे नव्हते. म्हणून नागरी विमान कंपन्यांची डकोटा विमाने ताब्यात घेण्यात आली. कालपर्यंत प्रवासी नेणाऱ्या वैमानिकांनी सैनिक व दारूगोळा नेण्यास प्रारंभ केला. पुढे ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले बिजू पटनाईक हे त्यांपैकीच एक. पहिल्या दिवशी दोन डझनांहून अधिक खेपा झाल्या. १७ नोव्हेंबरपर्यंत खेपांची संख्या सातशेच्या घरात गेली. श्रीनगरची धावपट्टी महाराजांच्या लहान विमानांसाठी केलेली, कच्ची होती. एकामागून एक जड विमाने उतरू लागताच धुळीचे असे लोट उठत, की मागून येणाऱ्या वैमानिकास जमीन शोधावी लागे.

लेफ्टनंट कर्नल राय पहिल्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूस शत्रूला रोखताना धारातीर्थी पडले. ३ नोव्हेंबर रोजी बडगाम येथे चौथ्या कुमाऊँ पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्येने कितीतरी मोठ्या शत्रूशी झुंज दिली. मेजर शर्मा त्यात कामी आले व देशाचे पहिले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर प्रदान करण्यात आले. बडगामची ही लढाई विमानतळाच्या अगदी निकट झाली, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. शत्रूला शहरापेक्षाही आधी ती पट्टी हवी होती. ती गेली असती तर सातशे खेपांचा हिशेब तेथेच संपला असता. पट्टी टिकली आणि त्यानंतर चारच दिवसांनी शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांचा मोड झाला.

पूंछचा वेढा

श्रीनगरची मोहीम वेगाची होती. पूंछ येथे मात्र पथकाची कसोटी वर्षभर लागली आणि खऱ्या अर्थाने अभ्यासण्याजोगा भाग तोच आहे.

नोव्हेंबर १९४७ मध्ये उरीहून निघालेल्या सैन्यापैकी लेफ्टनंट कर्नल प्रीतम सिंग यांची पहिली (पॅरा) कुमाऊँ पलटण तेवढी पूंछला पोहोचू शकली. वाटेतील पूल जळाल्याने उर्वरित सैन्यास मागे राहावे लागले. चहूबाजूंच्या टेकड्या शत्रूकडे होत्या. आत लहानशी शिबंदी आणि आसपासच्या मुलखातून जीव वाचवून आलेले सुमारे चाळीस हजार निर्वासित होते.

चाळीस हजार माणसे म्हणजे काय, हे तहसील कचेरीत पुरवठ्याचे काम पाहणाऱ्यास सांगावे लागणार नाही. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तरी वीस टन होतात. एका डकोटात अडीच टन धरल्यास केवळ धान्यासाठी रोज आठ विमाने लागतील. त्यात मीठ नाही, रॉकेल नाही, औषधे नाहीत आणि सैन्याच्या बंदुकांना लागणारी काडतुसे तर नाहीतच. देशाकडे वाहतुकीचे पथक एक आणि त्याच वेळी श्रीनगरचीही गरज चालू. म्हणजे कागदावर हे गणित सुटत नव्हते.

प्रारंभी विमानातून सामान टाकण्यात आले. ही पद्धतही वाटते तितकी सोपी नसते. नाजूक वस्तू व दारूगोळा छत्रीला बांधून सोडावा लागतो. धान्य छत्रीविना टाकावयाचे असल्यास ते दुहेरी पोत्यात सैलसर भरतात, म्हणजे आपटून आतले पोते फाटले तरी बाहेरच्यात धान्य राहते. सैन्याच्या पुरवठा विभागाचे जवान उघड्या दरवाजाशी उभे राहून वैमानिकाची खूण होताच माल ढकलतात. खूण दोन-तीन क्षण उशिरा झाली, तर पोती शंभर-दोनशे मीटर पलीकडे जातात. वेढलेल्या शहरात दोनशे मीटर पलीकडे शत्रू असू शकतो. शिवाय टाकण्याच्या पद्धतीत विमान रिकामेच परतते. जखमी माणूस काही त्यात वर उचलून घेता येत नाही.

तेव्हा पूंछमध्येच धावपट्टी करण्याचे ठरले. रस्तेबांधणीची यंत्रे नव्हती. होते ते मनुष्यबळ. सैनिकांच्या बरोबरीने हजारो निर्वासित कामाला लागले आणि काही दिवसांतच पट्टी तयार झाली. डकोटासाठी नेहमी लागते त्याहून ती आखूड होती, तीन बाजूंना ओढे होते आणि समोर डोंगर. या कामाची नोंद बहुतेक लेखनात एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक घरदार गमावून आलेल्या माणसांनी, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात, स्वतःच्या हातांनी केलेले ते एक सार्वजनिक बांधकाम होते. त्यावर पुढे वर्षभर एका शहराचे प्राण अवलंबून राहिले.

डिसेंबर १९४७ मध्ये या पट्टीवर पहिले डकोटा उतरविले ते एअर कमोडोर मेहर सिंग यांनी. ते बाराव्या पथकाचे नव्हेत. जम्मू-काश्मीरमधील हवाई कारवायांचे ते प्रमुख होते. महायुद्धात सहाव्या पथकाचे नेतृत्व करताना त्यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला होता. भारतीय हवाई दलात तो मिळविणारे ते एकमेव अधिकारी होत. अधिकाऱ्याने आज्ञा द्यावी आणि कनिष्ठाने धोका पत्करावा, ही रीत त्यांना मान्य नसावी. कारण धोक्याच्या प्रत्येक नव्या मार्गावर प्रथम ते स्वतः गेल्याचे दिसते. त्यांच्यामागून बाराव्या पथकाचे वैमानिक रोज जाऊ लागले. एका अर्थी दुसरी गोष्ट अधिक कठीण. पहिल्या उड्डाणाला नावीन्याचा उत्साह असतो. पन्नासाव्या उड्डाणाला केवळ कामाची शिस्त असते.

येताना शिधा व दारूगोळा, जाताना जखमी व निर्वासित, असा क्रम पडला. यामुळे मघाचे न सुटणारे गणित दोन्ही बाजूंनी हलके झाले. प्रत्येक खेपेबरोबर शहरात धान्य वाढे आणि खाणारी तोंडे कमी होत. प्रीतम सिंगांच्या सैनिकांनी भोवतालच्या मुलखात धाडी घालून उभी पिके व धान्य आणले, त्याचाही हातभार लागला. मार्च १९४८ मध्ये शत्रूने पट्टीवर तोफांचा मारा सुरू केला, तेव्हा दिवसा उतरणे जवळजवळ अशक्य झाले. त्यावर उपाय म्हणून पंचवीस पौंडी तोफाच डकोटातून पूंछला आणण्यात आल्या. तेलाच्या दिव्यांनी पट्टीच्या कडा दाखवून रात्रीच्या अंधारातही विमाने उतरविण्यात आली. या तोफांनी शत्रूच्या तोफा मागे हटविल्या आणि दिवसाची वाहतूक पुन्हा चालू झाली.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावयास हवी. रात्री बॉम्बफेक करू शकतील अशी विमाने पुरेशी नसल्याने डकोटाच्या उघड्या दरवाजातून हातांनी बॉम्ब ढकलण्याचा उपाय या पथकाने अवलंबिला. ओझ्याच्या विमानाला लढाऊ करण्याची ही युक्ती कौतुकास्पद खरी. परंतु तिला अवास्तव महत्त्व देऊ नये. पूंछ वाचले ते पोत्यांमुळे. २० नोव्हेंबर १९४८ च्या सुमारास राजौरीच्या बाजूने आलेल्या सैन्याने पूंछशी जमिनीवरून संपर्क साधला आणि वर्षभराचा वेढा उठला.

लेहची वाट

दरम्यान लडाखवर संकट ओढवले होते. लेहचे रक्षण करण्यासाठी फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये मेजर पृथी चंद यांच्या नेतृत्वाखाली लाहूलकडील काही मोजके स्वयंसेवी सैनिक भर हिवाळ्यात झोजी ला ओलांडून पायी लेहला गेले. सोनम नोरबू हे लडाखी अभियंतेही तेथे पोहोचले आणि त्यांच्या देखरेखीखाली स्थानिक लोकांनी सिंधू नदीच्या काठी धावपट्टी तयार केली. पूंछप्रमाणेच येथेही विमानाच्या आधी कुदळ-फावडे होते.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी लेह येथे डकोटा उतरविले. मेजर जनरल थिमय्या त्यांच्या शेजारी होते. लेहची पट्टी समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरहूनही उंच आहे. वाटेतील खिंडी व शिखरे त्याहून उंच. मार्गदर्शक यंत्रणा नव्हती, भरवशाचे नकाशे नव्हते. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची शक्ती घटते, पंखांना मिळणारा आधार कमी होतो आणि उड्डाणासाठी विमानास मैदानापेक्षा बरेच अधिक अंतर धावावे लागते. एक इंजिन बंद पडल्यास दोन पर्वतरांगांच्या मध्ये परत वळण्यास जागा नसते. दुपारनंतर वारे सुटतात, म्हणून उतरणे व निघणे सकाळीच उरकावे लागते. हा शेवटचा नियम लेहच्या विमानतळावर पुढेही दीर्घकाळ पाळला गेला.

वाट खुली झाली आणि जूनच्या प्रारंभी गुरखा जवान विमानांनी लेहला नेण्यात आले. लेह हातचे गेले नाही. सैन्याने झोजी ला जिंकून कारगिलमार्गे लेहशी संपर्क साधला, तो नोव्हेंबरमध्ये. तोपर्यंतचे सहा महिने लेहला बाहेरची मुख्य मदत मिळत राहिली ती हवेतून. मेहर सिंग यांना महावीर चक्र देण्यात आले. पुढे १६ मार्च १९५२ रोजी ते विमान अपघातात मृत्यू पावले, तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते.

नंतरची वाटचाल

बाराव्या पथकाचे ठाणे आग्रा येथे स्थिरावले. १९५४ मध्ये त्याला डकोटाच्या जागी पॅकेट ही विमाने मिळाली. मागील बाजूस मोठे दार असल्याने या विमानात जीपसारखे वाहन थेट चढविता येई. डोंगराळ प्रदेशासाठी शक्ती कमी पडते हे ध्यानात आल्यावर पॅकेटच्या पाठीवर एक सहायक जेट इंजिन बसविण्यात आले. याच प्रकारच्या विमानाने २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे हे लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डी येथे, पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर उतरले.

महाराष्ट्राच्या वाचकास या इतिहासातील एक दुवा जवळचा वाटेल. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ सुमारे सातशे छत्रीधारी सैनिक उतरविण्यात आले. लोहाजंग नदीवरील पूंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडविणे, हे त्यांचे काम. त्यांना नेणाऱ्या विमानांत पॅकेट होती, ए.एन.-१२ व कॅरिबू होती आणि वयोवृद्ध डकोटाही होती. उतरलेली पलटण होती दुसरी पॅरा, म्हणजे पूर्वाश्रमीची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. ‘मराठा’ हे नाव तिने छत्रीदलात जातानाही सोबत नेले होते. १९४८ मध्ये झांगरच्या रणात लढलेल्या याच पलटणीचे जवान १६ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी ढाक्यात सर्वप्रथम शिरले.

१९८० च्या दशकात पॅकेटची जागा ए.एन.-३२ ने घेतली. भारतातील उष्ण हवामान व उंच धावपट्ट्या यांचा विचार करूनच हे विमान सोव्हिएत संघात घडविण्यात आले होते. त्याची इंजिने पंखांच्या वर उंचावर बसविलेली असल्याने खडबडीत पट्टीवरील खडे पंख्यांत जाण्याची भीती कमी असते. पूंछ व लेहच्या धुळीत डकोटाने घेतलेला अनुभव तीस-पस्तीस वर्षांनी अशा रीतीने विमानाच्या रचनेत उतरला, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. ३१ मे २००८ रोजी चंडीगडहून निघालेले ए.एन.-३२ दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या पट्टीवर उतरले. चार दशकांहून अधिक काळानंतर तेथे विमानाची चाके प्रथमच टेकली.

बाराव्या पथकास ‘याक’ हे नाव आहे. उंच पहाडात ओझी वाहणाऱ्या या प्राण्याचे नाव त्यास शोभते.

१९४७ च्या त्या पहाटेचे स्मरण राहावे म्हणून मे २०१८ मध्ये एक जुने डकोटा दुरुस्त करून हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात हिंडन येथे दाखल करण्यात आले. त्याचे नाव ‘परशुराम’ ठेवण्यात आले. त्याच्या अंगावर व्ही. पी. ९०५ हा क्रमांक आहे, श्रीनगरला सैनिक नेणाऱ्या बाराव्या पथकाच्या एका डकोटाचा.